मेस्त्रींच्या छातीतलं तेल

“काय झाला, ता माका सांगू नको. कधी झाला, ता सांग.”

बिघडलेलं इंजिन घेऊन कुणीही दारात आलं की मेस्त्री पहिल्यांदा एवढंच म्हणायचे. होडीचा मालक बिचारा वाटभर घोकून आलेला असायचा, की पंप गेलाय, नोझल गेलंय, पिस्टनला चीर पडलीय. मेस्त्री त्याला हातानेच थांबवायचे. सकाळी की दुपारी? थंड असताना की तापल्यावर? डिझेल भरायच्या आधी की नंतर? त्या दिवशी नवीन काय केलंस? यात तासभर जायचा, आणि कितीतरी वेळा इंजिन उघडायची वेळच यायची नाही.

हा नियम फक्त इंजिनांना नव्हता. मालवणात धक्क्याजवळच्या त्यांच्या घरात पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. एकदा मी डोकं धरून पडवीत बसले होते, तर मेस्त्री समोर उकिडवे बसले.

“कधीपासून?”

“परवापासून.”

“परवा नवीन काय केलस?”

आठवून आठवून सांगितलं, प्रेसमध्ये वेगळ्या शाईचे डबे आलेत.

“मगे गोळी कित्याक खातंस? खिडकी उघड गो.”

खिडकी उघडली. डोकं थांबलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर विश्वास ठेवायला लागले, आणि त्यांच्याशी भांडायलाही.

घरातही तेच. आमटी खारट झाली की ते ओरडत नसत. शांतपणे विचारत, “आज काय बदललस?” त्यांची बायको, जिला मी काकी म्हणायचे, ती ताट पुढे सरकवत नवऱ्याला म्हणायची, “बदलूचो होतो घोव. तोच तेवढो रवलो.”

मी वैभववाडीकडची. वडील शेतकरी, पण आठवडा बाजाराच्या दिवशी ते काजू विकायच्या आधी पत्रकं वाटायचे. धरणग्रस्तांची, दारूबंदीची, मजुरीच्या दराची. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांच्या मथळ्यांवरून, त्यामुळे वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह नसलं की मला अजून चुकल्यासारखं होतं. शिक्षण संपवून मालवणात एका साप्ताहिकाच्या प्रेसमध्ये लागले. दिवसा प्रुफं वाचायची, उरल्या वेळात स्वतःची पत्रकं छापायची. मोठ्या ट्रॉलरवाल्यांविरुद्ध लिहिलं, वाळू उपसणाऱ्यांविरुद्ध लिहिलं, तंबाखूविरुद्ध लिहिलं. तंबाखूचं पत्रक मेस्त्रींच्या शेडच्या दारावर चिकटवलं, कारण त्या शेडमध्ये विड्यांचा धूर डिझेलच्या धुराशी शर्यत लावायचा. मेस्त्रींनी ते शेवटपर्यंत वाचलं, मान डोलावली, आणि त्याच दारावर काडी ओढून विडी पेटवली.

उंची बेताची, अंगात बनियन, खाली खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा, दोन्ही कानांवर एकेक विडी. हात आधी रॉकेलने धुवायचे, मग साबणाने, मग खोबरेल चोळायचे; त्यांच्या हाताला हात लागला की आपल्या हातालाही तिन्हींचा वास यायचा. एका वेळी एकच नट फिरवायचा, हे त्यांचं दुसरं व्रत. “दोन नट एकदम फिरवलंस, तर बरा कित्यान झाला, ता कसा कळतला?” शेडच्या पत्र्यावर खडूने लिहून ठेवायचे, काय बदललं आणि काय झालं. इंजिन बरं झालं तरी ते पुसत नसत.

आणि ऐकणं. शिसवी लाकडाचा हातभर दांडा होता त्यांच्याकडे. त्याचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानात धरायचं, डोळे मिटायचे आणि श्वास रोखायचा. श्वास घेतला तर स्वतःच्या छातीचा आवाज मध्ये येतो, म्हणायचे. दांडा सरकवत सरकवत आतल्या आत कुठला बेअरिंग सैल आहे, कुठली झडप उशिरा मिटतेय ते सांगायचे. ऐकून झालं की एकच शब्द: “जा.” धक्क्यावरच्या लहान होड्यांचे मालक त्या “जा”शिवाय समुद्रात जात नसत. नारळी पौर्णिमेला मोसम उघडताना आधी मेस्त्रींचं “जा”, मग दर्याला नारळ, अशी रीतच पडून गेली होती.

शिरोड्याला दुसरा एक मेस्त्री होता. वयाने लहान, मोटारसायकलवरून फिरणारा. डॉक्टर वापरतात तशी नळी कानाला लावून इंजिन ऐकायचा. त्याचं नाव निघालं की आमचे मेस्त्री थुंकायचे. “तो नट पिळणारो. कानाक नळी लावली म्हणान डॉक्टर होता काय कोण?”

दोन हजार दहाच्या एप्रिलात ती गोष्ट घडली. एका चार माणसांच्या होडीचं इंजिन मेस्त्री ऐकत होते आणि मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली. पुन्हा दांडा लावला, पुन्हा उबळ. मालक घाईत होता, ओहोटी लागत होती. मेस्त्रींनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, “जा.” बाहेर गेल्यावर इंजिनाचा मोठा बेअरिंग जाम झाला. होडी वाहवत देवगडच्या बाजूला गेली. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या ट्रॉलरने बांधून आणली. चौघेही सुखरूप होते. कुणी मेस्त्रींना एक शब्द बोललं नाही.

मेस्त्री दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पडवीत येऊन म्हणाले, “तो आवाज थय होतो. माका ऐकाक येऊक व्हयो होतो. ह्या खोकल्यान माका खोटो पाडलो.” मग दोन्ही कानांवरच्या विड्या काढून त्यांनी चुलीत टाकल्या. “नारळी पुनवेक माझी छाती गप रवाक व्हयी. काय करूचा ता करतलंय.”

चार महिने होते हातात. दुसऱ्या दिवशी सकाळी कानांवर विड्या परत होत्या. चाळीस वर्षांची सवय चुलीत टाकून जळत नाही. विडी ओढायची, स्वतःला शिवी द्यायची, पुन्हा ओढायची, असा मे महिना गेला. आणि मेच्या शेवटी त्यांचा भाचा आखातातून सुट्टीवर आला तो एक खोका घेऊन. आत सिगारेटसारखी पांढरी नळी, चार्जर आणि दोन छोट्या बाटल्या. ओढलं की टोकाला लाल दिवा लागायचा आणि पांढरी वाफ निघायची.

“मामा, ह्या ओढा. हेच्यात आग नाय, राख नाय. थय सगळे हीच ओढतत. विडी सुटता.”

दुसरा कुणी असता तर ओढून बघितलं असतं. मेस्त्रींनी आधी नळी उघडली. वर्तमानपत्रावर भाग मांडले आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “ही बॅटरी. ही तार तापता. ह्यो कापूस, हेच्यात रस. इंजिन-बिंजिन काय नाय. धुपाटणा आसा ह्या.”

काकी म्हणाली, “मगे देवाकडे ठेवा.”

विडी खरंच सुटली. एका आठवड्यात! मी थक्क झाले आणि थोडी रागावलेही, कारण माझ्या पत्रकाने जे केलं नाही ते या खेळण्याने केलं होतं. पण घसा जळायला लागला. खोकला थांबला नाही, फक्त कोरडा झाला. दुसऱ्या कुणी नळी फेकून विडी पेटवली असती. मेस्त्रींनी पत्र्याचा एक कोपरा पुसला आणि खडूने वर लिहिलं: घसो.

जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून झाकल्या जातात आणि शेडमध्ये इंजिनांची रांग लागते. त्या रांगेत मेस्त्रींनी स्वतःला उभं केलं. चार दिवस एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं.

पहिल्यांदा ओढ. विडी सारखी ओढत राहावी लागते, नाहीतर विझते. त्यामुळे विडीवाल्याचा झुरका आखूड आणि जोराचा. या नळीला विझायची भीती नाही. मेस्त्री घड्याळ समोर ठेवून सावकाश, लहान मूल दूध ओढतं तसे ओढायला शिकले. पत्र्यावर लिहिलं: हळू ओढ. जळजळ कमी.

मग पाणी. ओठ सुकतात, म्हणजे हा रस तोंडातलं पाणी पितो, असं त्यांनी ठरवलं. ओढायच्या आधी एक तांब्या, नंतर एक तांब्या. सकाळचं डोकं दुखणं गेलं. काकीचं म्हणणं पडलं की आता अर्धा दिवस ते नळीशी आणि अर्धा दिवस मोरीत असतात.

मग कापूस. कधी कधी जळक्या फडक्याची चव यायची आणि घशाला चटका बसायचा. त्यांनी शोधून काढलं की कापूस सुकला की तार त्यालाच भाजते. सुकायच्या आधी रस घालायचा.

मग बाटल्या. एकीवर चोवीस लिहिलं होतं, एकीवर अकरा. आकडे त्यांना वाचता यायचे, बाकीचं इंग्रजी नाही. खोक्यात एक घडी घातलेला कागद होता, तो घेऊन ते माझ्याकडे आले.

“गो चेडवा, ह्या जरा वाचून दाखव. चोवीस म्हंजे काय आणि अकरा म्हंजे काय, ता लिवला आसतला.”

मी प्रुफं तपासत होते. कागद हातात घेतला, मुंगीएवढी अक्षरं पाहिली, वर हसणाऱ्या गोऱ्या माणसाचं चित्र पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं.

“मी हे वाचणार नाही, काका. आधी माणसाच्या छातीत धूर भरायचा, त्यावर पैसे करायचे, मग धुराऐवजी वाफ विकून पुन्हा पैसे करायचे! हा कागद म्हणजे कंपनीची जाहिरात आहे. यातलं एकही अक्षर मी तुमच्या कानात घालणार नाही.”

मेस्त्रींनी कागद परत घेतला. “रागान बोलाक लागलस की तू छापील बोलतंस,” म्हणाले. हसत म्हणाले, पण कागदाची घडी घालताना त्यांचे हात सावकाश चालले होते. चार दिवस चोवीस, चार दिवस अकरा, असं करून त्यांनी उत्तर स्वतःच काढलं. अकराने घसा जळत नाही. पत्र्यावर तेही चढलं.

जुलैच्या सुरुवातीला घसा जवळजवळ बरा झाला होता. राहिली होती छाती. सकाळी उठल्यावर आत काहीतरी घासल्यासारखं वाटायचं आणि श्वास रोखून मोजायला लागलं की विसाव्या आकड्याला उबळ यायची. इंजिन ऐकायला त्यांना पन्नास आकडे लागत. मोसमाला सहा-सात आठवडे उरले होते, आणि शेडच्या दाराशी येणारा प्रत्येक मालक जाताना विचारायचा, “मेस्त्रीनू, पुनवेक येतास मां ऐकाक?”

एका दुपारी त्यांनी काकीला हाक मारली. दांड्याचं एक टोक स्वतःच्या छातीवर टेकवलं, दुसरं तिच्या हातात दिलं.

“कान लाव.”

“काय खूळ लागला काय तुमका?”

“लाव म्हणतंय मां. कसो आवाज येता?”

काकीने कान लावला. मी पडवीत बसून बघत होते आणि हसू दाबत होते. काकी मात्र गंभीरपणे ऐकत होती.

“कसो म्हंजे? मागल्या दाराच्या बिजागरीसारखो. कुंय कुंय करता.”

मेस्त्रींचे डोळे चमकले. “बिजागरीक काय घालतंस?”

“खोबरेल.”

“मगे!”

आजही मी त्या क्षणाकडे परत परत जाते. त्यांच्या आयुष्यभराच्या कामातून तो निष्कर्ष सरळ निघत होता. घासण्याचा आवाज आला, कोरडेपणा दिसला, की तेल. चाळीस वर्षं या हिशोबाने एकदाही दगा दिला नव्हता. शिवाय तेल बाजारचं नव्हतं. घरच्या माडांच्या खोबऱ्याचं, घाण्यावरून काढून आणलेलं, लहान मुलांच्या टाळूवर घालायचं. त्याहून शुद्ध काय असतं? त्यांनी नळीतल्या कापसावर दोन थेंब घातले.

दोन दिवस ते राजासारखे वावरले. “मऊ गो, एकदम मऊ जाता,” म्हणायचे. घशाची शेवटची खरखरही गेली. पत्र्यावर ठळक अक्षरात लिहिलं: खोबरेल. थेंब दोनाचे चार झाले.

दहाव्या-अकराव्या दिवशी ताप आला. मग धाप लागायला लागली. शेडपासून घरापर्यंतच्या वीस पावलांत ते दोनदा थांबायचे. काकीने काढे दिले, पाठ शेकली. एका सकाळी त्यांचे ओठ काळसर दिसले तेव्हा आम्ही रिक्षा बोलावली आणि त्यांना कुडाळला एका खाजगी दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर तरुण बाई होती. एक्स-रे बघून ती गोंधळली. मग तिने खुर्ची ओढली, पलंगाजवळ बसली आणि विचारलं, “हे कधी सुरू झालं? त्याच्या आधी नवीन काय केलं होतं?”

मेस्त्रींनी ऑक्सिजनच्या मुखवट्याआडून माझ्याकडे असं बघितलं, जणू इतक्या वर्षांनी त्यांना कुणी भाऊबंद भेटला. त्यांनी सगळं सांगितलं. नळी, ओढ, पाणी, कापूस, बाटल्या, बिजागरी, खोबरेल. डॉक्टरने लिहून घेणं थांबवलं.

“काका, पोटात तेल गेलं तर पोट पचवतं. फुप्फुसाला पचवता येत नाही. ते तिथेच बसतं आणि आजूबाजूला सूज आणतं. तुमच्या छातीत तेल साचलंय.”

“म्हंजे पेट्रोलच्या इंजिनात डिझेल घातलंय मी,” मेस्त्री म्हणाले.

डॉक्टरने नळी आणि बाटल्या आणायला सांगितल्या, आणि बजावलं की यापुढे विडीही नाही, नळीही नाही. मी एसटीने मालवणला आले, खोका घेतला, परतीच्या एसटीत बसले. मांडीवर खोका होता. झाकण उघडलं. तो कागद आत होता, तशीच घडी घातलेला. मी वाचायला सुरुवात केली. नऊ मुद्दे होते. सातवा मुद्दा असा होता: नळीत कोणत्याही प्रकारचे तेल घालू नये, फुप्फुसांस गंभीर इजा होऊ शकते.

वाटेत कट्टा गावाच्या थांब्यावर कुणीतरी मला विचारलं, बाई, बरं वाटत नाही का. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

कागद मी पर्समध्ये ठेवला. डॉक्टरला नळी दिली, बाटल्या दिल्या, कागद दिला नाही. नऊ दिवस तो माझ्याकडे होता. रोज प्रेसमधून निघून कुडाळला जायचे, पलंगाशेजारी बसायचे, आज सांगू म्हणायचे, आणि उद्यावर ढकलायचे. माझ्या बाजूने बोलायला मुद्दे नव्हते असं नाही. जो माल कोकणातल्या माणसाच्या हातात पडणार, त्याच्यावरची सूचना मुंगीच्या अक्षरात आणि परक्या भाषेत छापायची, हा गुन्हाच आहे. आजही मी तो गुन्हाच म्हणेन. पण ती भाषा मला येत होती. कागद माझ्या हातात आला होता. त्या घरात तो वाचू शकणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला भाषण करायचं होतं.

दहाव्या दिवशी मेस्त्री उठून बसले होते. काकी त्यांना पेज भरवत होती आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

“तेल घालू नका म्हणान एक शब्द लिवक काय झाला होता मेल्यांका? हात झडले होते तेंचे?”

“लिहिलं होतं, काकी,” मी म्हणाले.

चमचा वाटीत थांबला. मी पर्समधून कागद काढला आणि सगळं सांगितलं. नऊ दिवस लपवल्याचंही सांगितलं.

मेस्त्री छताकडे बघत होते. “मी तुका कधी इचारलंय?”

“बाटल्यांच्या वेळी. चोवीस आणि अकरा.”

“म्हंजे तेलाच्या आधी.”

“आधी.”

“किती दिवस?”

“पंधरा-वीस.”

त्यांनी मनात काहीतरी मांडलं आणि जुळवलं. मला वाटलं, आता म्हणतील जाऊ दे गो, होता तसा. तसं ते म्हणाले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

“मगे अर्धी चूक तुझी,” ते म्हणाले.

काकी उसळली. “अर्धी कित्याक? थेंब कोणी घातले? चेडवान?”

“अर्धी माझी म्हणतंय मां मी!” त्यांना धाप लागली. ती ओसरेपर्यंत ते थांबले. “आता वाच. पयल्यापासून.”

मी वाचलं. एकेक वाक्य मालवणीत सांगितलं. ओढ सावकाश असावी. पाणी प्यावे. कापूस सुकू देऊ नये. जास्त आकड्याचा, म्हणजे जास्त निकोटिनचा, रस घशाला त्रास देतो. ओळखीच्या प्रत्येक मुद्द्याला मेस्त्री एक बोट दुमडत होते. शेवटी हात वर करून दाखवला.

“कंपनीक नऊ ठावक. माका नऊतले चार, न वाचता.” स्वरात उघड अभिमान होता. मग आवाज खाली आला. “व्हयो होतो तो सातवोच तेवढो रवलो.”

थोड्या वेळाने, डोळे मिटलेलेच असताना, ते पुन्हा बोलले. “एक सांगू? तू छापतंस त्या कागदार काय आसता? वायट आसा, वायट आसा, वायट आसा. ह्ये कंपनीवाले चोर. पण तेल घालू नको म्हणान चोरांनी लिवल्यानी.”

त्यानंतर मी जी पत्रकं लिहिली, त्यांत वाईट काय ते अजूनही असतं. आणि खाली, माणसाने उद्या सकाळी उठून नेमकं काय करावं तेही असतं. उद्गारचिन्हं कमी झालीत. वडिलांना ते आवडलं नाही.

नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी मेस्त्री घरी आले. डॉक्टरने सांगितलं होतं, छाती सावकाश मोकळी होईल, किती होईल ते सांगता येत नाही. ते वाळले होते. कानांवर विड्या नव्हत्या, त्यामुळे कान अचानक मोठे दिसायला लागले होते.

पौर्णिमेला सकाळी धक्क्यावर सात होड्या रंगवून, हार घालून उभ्या होत्या. मेस्त्री दांडा घेऊन उतरले. काकीने अडवलं नाही. फक्त पाण्याचा तांब्या घेऊन मागे चालली. मीही गेले. पहिल्या होडीचं इंजिन चालू झालं. पहिली होडी एप्रिलमध्ये वाहवत गेली होती तीच. मेस्त्रींनी दांडा टेकवला, डोळे मिटले. सगळा धक्का गप्प झाला.

उबळ आली. त्यांनी दांडा सरळ केला, पुन्हा लावला. पुन्हा उबळ. तिसऱ्या वेळी खोकता खोकता त्यांना होडीच्या काठाचा आधार घ्यावा लागला.

मालक खाली उतरला. माणूस भला होता. हळू आवाजात म्हणाला, “मेस्त्रीनू, ऐकू नका. इंजिन तुमीच बांधलास, बराच आसतला. फकत जा म्हणा. पोरांका धीर येता.”

“न ऐकता?”

“कोणाक काय कळता?”

मेस्त्रींनी होडीवरच्या चौघांकडे बघितलं. तेच चौघे होते. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माझ्यान ऐकूक जावचा नाय. न ऐकता एकदा जा म्हटलंय, ता पुरे. परत म्हणूचंय नाय.” श्वास घेतला. “शिरोड्याक फोन लावा.”

कुणीतरी हसलं. “तेका? तुमीच म्हणा होतास, नट पिळणारो!”

“म्हणा होतंय. नट बरे पिळता. लाव फोन.”

दोन तासांनी मोटारसायकल धक्क्यावर आली. शिरोड्याचा मेस्त्री खाली उतरला, हेल्मेट काढलं आणि कुणाकडे बघावं ते न कळल्यासारखा उभा राहिला. आमचे मेस्त्री पुढे गेले, त्याची हत्यारांची पिशवी स्वतः उचलली आणि पहिल्या होडीवर नेऊन ठेवली. “ह्या इंजिनाचो मोठो बेअरिंग मी नवीन घातलंय,” म्हणाले. “थय पयलो ऐक.”

त्याने नळी कानाला लावली. इंजिन धडधडत होतं. मेस्त्री त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते, आणि त्यांची छाती हलायला लागलेली मला दिसली. उबळ येत होती. शिरोड्याच्या मेस्त्रीने मागे न बघताच हात वर केला, “जरा गप रवा.”

मेस्त्रींनी खांद्यावरचा पंचा ओढला आणि त्याचा बोळा तोंडात कोंबला. गळ्याच्या शिरा फुगल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चेहरा लाल झाला, मग जांभळट. काकी तांब्या घेऊन एक पाऊल पुढे आली. त्यांनी हातानेच तिला मागे लोटलं. शिरोड्याचा मेस्त्री एकेक जागा ऐकत होता. मध्ये एक नट त्याने अर्धा फेर पिळला आणि पुन्हा ऐकलं. मग नळी काढून उभा राहिला आणि वळला.

“मेस्त्रीनू, बरा आसा इंजिन. तुमी जा म्हणा.”

मेस्त्रींनी नकारार्थी मान हलवली आणि त्याच्याकडे बोट केलं.

त्याने घसा खाकरला. “जा,” म्हणाला. आवाज बारीक निघाला, पण चौघांनी ऐकला.

होडी धक्क्यापासून सुटली. तिचा आवाज लाटांवरून दूर गेल्यावर मेस्त्रींनी तोंडातला पंचा काढला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि पोटभर खोकले. काकीने तांब्या पुढे केला. ते दोन घोट प्यायले. मागे दुसऱ्या होडीचं इंजिन चालू झालं, तसा त्यांनी पंचा पुन्हा तोंडात कोंबला.